नागदेवीवरून आणलेला छोटा टूलबॉक्स
मागच्या महिन्यात मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, म्हणजे हत्यारांच्या बाजारात, पाना घ्यायला गेलो आणि सोबत १२ इंची प्लॅस्टिकचा टूलबॉक्स पण घेऊन आलो, वरती काढता येणारा ट्रे आहे त्याला. पाने-पक्कड घरात आधीच एका जागी असतात, म्हणून यात लाईट गेल्यावर लागणारं सगळं भरलं, टेस्टर, इन्सुलेशन टेप, फ्यूज वायर, टॉर्च आणि ट्रेमध्ये सेल, आता अंधारात ड्रॉवर उपसावे लागत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने लोखंड पटकन गंजतं त्यामुळे बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्यात, स्क्रू ड्रायव्हरला मशीनचं तेल लावलंय. आईला तर इतका आवडला की शिवणकामासाठी तिला दुसरा आणतोय, बॉबिन आणि हुक ट्रेमध्ये, कात्री खाली.