रेडिओ निर्दोष सुटला: ११९७वरच्या शिट्टीचा छडा

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की मिडियम वेव्हवरचा सगळा गोंधळ रेडिओच्या पोटातूनच येतो आहे. ते विधान मागे घेतो. बिचारा रेडिओ निर्दोष आहे. त्याला मी विनाकारण तीनदा उघडला, तांब्याच्या पट्टीत गुंडाळला आणि जवळजवळ बहिरा करून ठेवला. खरा गुन्हेगार काल रात्री सापडला, तोही माझ्या हुशारीने नाही, वीज गेली म्हणून.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो: हातातला संच डीएसपी चिपवाला (म्हणजे सिग्नलवरचं काम एकाच डिजिटल चिपमध्ये होणारा), खिशात मावणारा, एफएम, मिडियम आणि शॉर्टवेव्ह घेणारा. मला ऐकायचं असतं ते ११९७ किलोहर्ट्झवरचं एक लांबचं, मवाळ स्टेशन. सूर्य मावळल्यावर डी थर (वातावरणातला, दिवसा मिडियम वेव्ह शोषणारा थर) विरतो आणि ते हळूहळू वर येतं. नेमकं तेव्हाच त्याच्यावर गुरगुर आणि शिट्टी बसायची. एफएम स्वच्छ, शॉर्टवेव्ह चालण्यासारखं, मिडियमवर मात्र चक्की चालू.

संशय रेडिओवर का गेला? कारण मी ‘शास्त्रीय’ चाचणी केली होती. मेन स्विच बंद केला, घर अंधारात, रेडिओ बॅटरीवर. ११९७वर आवाज होताच. वहीत लिहिलं, ‘मेन बंद, खरखर कायम.’ घरात वीजच नाही म्हटल्यावर उरलं कोण? रेडिओ. तर्क बिनतोड वाटला होता.

मग शिल्डिंगचं, म्हणजे धातूचं आवरण घालून गोंगाट अडवण्याचं, खूळ डोक्यात शिरलं. मागचं झाकण काढलं, डिस्प्लेच्या पाठीमागे आणि झाकणाच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावली. एवढ्यावर थांबायचं होतं. पण काम नीटनेटकं दिसावं म्हणून पट्टीची दोन टोकं फेराइट रॉडच्या (रेडिओच्या आतली मिडियम वेव्हची अँटेना) भोवती आणून एकमेकांवर चिकटवली आणि वर डागही (सोल्डर) दिला. झाकण बंद केलं, रेडिओ लावला. खरखर गायब! दोन मिनिटं मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग लक्षात आलं की स्टेशनंही गायब आहेत.

रॉडभोवती तांब्याचं बंद कडं म्हणजे ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट झालेली एका वेढ्याची दुसरी गुंडाळी. रॉडने गोळा केलेलं चुंबकीय क्षेत्र त्या कड्यात प्रवाह फिरवण्यात वाया जातं, कॉइलचा क्यू (नेमकी फ्रिक्वेन्सी पकडण्याची धार) कोसळतो, इंडक्टन्सही बदलतो. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. कटरने पट्टीला एक उभी फट पाडली, फक्त दोन मिलिमीटरची, आणि जवळची स्टेशनं धाडकन परत आली. तो क्षण मात्र मस्त होता. एका फटीने काय फरक पडतो ते कानाने ऐकायचं असेल तर करून बघा, पण डाग न देता. शेवटी ती सगळी पट्टी मी सोलून काढली.

या उघडाउघडीतून एक गोष्ट चांगली झाली. सेलच्या कप्प्याचं झाकण जरा वर आलेलं दिसलं. मला वाटलं माझ्या स्क्रू पिळण्याने वाकलं असेल. सेल बाहेर काढून काचेवर ठेवला तर भोवऱ्यासारखा गरगर फिरला. फुगलेला. हा सपाट लिथियम सेल, जुन्या फोनमध्ये असायचा त्या बीएल-५सी मापाचा. फुगलेल्या सेलला दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, ‘एकदा चार्ज करून बघू’ तर अजिबात नाही. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, जळेल अशा वस्तूंपासून दूर, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवला आणि ई-कचऱ्यात दिला. हा संच मी रात्रभर चार्जरला लावून उशाशी ठेवून झोपायचो, हे आठवून आता अंगावर काटा येतो. यापुढे चार्जिंग मी जागा असताना, कडक जमिनीवर, आणि भरलं की चार्जर काढायचा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल अर्धा भरलेला ठेवायचा.

नवा सेल घेताना एक गंमत. एका विक्रेत्याने त्याच मापाच्या सेलवर ३००० मिलिअँपिअर-तास छापलं होतं. या मापात साधारण हजाराच्या आसपास मावतं. जो आकड्यात तिप्पट थाप मारतो त्याने आतलं संरक्षक सर्किट तरी बसवलं असेल यावर मी का विश्वास ठेवू? परत केला. दुसरा, खरा आकडा छापलेला घेतला. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरवर ४.१८ व्होल्ट. बरोबर.

सेल बदलल्यावर वेगळाच झटका. ओळखीची निम्मी स्टेशनं बेपत्ता, काही बोबडी. पाऊण तास मी फेराइटच्या तारा तपासत होतो. शेवटी कळलं की सेल काढल्यामुळे सेटिंग पुसलं गेलं आणि मिडियमची पायरी (शोधताना एका टप्प्यात किती पुढे सरकायचं ते) ९वरून १० किलोहर्ट्झवर गेली. दोन्ही अमेरिका खंडांत १०ची पायरी, बाकी जगात ९ची. दोन्ही जाळ्या दर ९० किलोहर्ट्झला जुळतात, म्हणून ६३०, ७२०, ८१०, ९०० व्यवस्थित लागत होते आणि १०४४वालं स्टेशन १०४०वर नाकात बोलत होतं. रेडिओच्या सेटिंगमध्ये आपला विभाग चुकला की एफएमचा आवाजही बसका होऊ शकतो. डी-एम्फसिस (एफएममधले तीव्र सूर परत खाली आणणारी गाळणी) अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोपात ५०. तेव्हा सेल काढला की आधी पायरी बघा, मग सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. मी सेटिंग कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवलंय.

आता कालची रात्र. वीज गेली. मी ११९७ लावून, इअरफोन घालून बसलो. शिट्टी होतीच. मनात म्हटलं, बघा, वीज नाही तरी ओरडतोय. पाऊण तास गेला असेल, आणि शिट्टी कापल्यासारखी थांबली. मागचं स्टेशन असं उघडं पडलं की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू आला. त्याच सेकंदाला आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, “बाबा, नेट गेलं!”

राउटरचा छोटा यूपीएस, वीज गेल्यावर राउटर बॅटरीवर चालवणारा डबा! त्याची बॅटरी तेव्हा संपली होती.

म्हणजे माझी ‘मेन बंद’ चाचणी मुळातच फसवी होती. मी पाच मिनिटं स्विच बंद ठेवायचो आणि तो डबा तेवढा वेळ स्वतःच्या बॅटरीवर आरामात चालू राहायचा. वहीची जुनी पानं काढली तेव्हा दुसरी चूक दिसली. वीज असताना मी ‘गुरगुर + शिट्टी’ लिहिलं होतं आणि मेन बंद असताना नुसतं ‘खरखर कायम’. गुरगुर गेली होती, शिट्टी उरली होती, आणि मी दोघींना एकाच नावाने हाक मारली. आवाज कसा आहे हे लिहायला हवं होतं, आहे की नाही एवढंच नाही.

वीज आल्यावर रीतसर तपासलं. पायरी १ किलोहर्ट्झ केली (९च्या पायरीत हे नीट दिसत नाही, कारण बहुतेक शिखरं पायऱ्यांच्या मध्ये पडतात) आणि ५३१पासून वर चढत गेलो. गुरगुरीची शिखरं ५८५, ६५०, ७१५, ७८०च्या आसपास. अंतर ६५. छोट्या स्विचिंग अडॅप्टरांची ही अगदी नेहमीची फ्रिक्वेन्सी, आणि तिच्यावर १०० हर्ट्झची गुरगुर म्हणजे ५० हर्ट्झची मेन्स वीज रेक्टिफाय (एसीची डीसी) झाल्याची खूण. हा डब्याचा अडॅप्टर. मग अडॅप्टर उपटला, डबा बॅटरीवर. गुरगुर गेली, पण ८००, १२०० आणि १६००जवळ बारीक, डुलणाऱ्या रेघा राहिल्या. हा आतला बूस्ट कन्व्हर्टर, बॅटरीचं व्होल्टेज १२पर्यंत चढवणारा. त्याची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची तिप्पट) १२००वर, माझं स्टेशन ११९७वर. फरक ३ किलोहर्ट्झ, म्हणून ती शिट्टी. एकच डबा, दोन आवाज. डब्याची वायर काढली, दोन्ही बंद. लावली, दोन्ही चालू. असं सहा वेळा केलं. गरज एकदाचीच होती, पण इतके महिने छळलंय त्याने.

तुमच्यापैकी दोघांनी रेडिओ फिरवून दिशा शोधायला सांगितलं होतं. केलं होतं. फेराइट रॉडचं टोक आवाजाच्या उगमाकडे आलं की आवाज दबायला हवा. माझ्याकडे प्रत्येक खोलीत वेगळी दिशा यायची आणि शेवटी बाण मीटरच्या बोर्डाकडे जायचा. आता कळतं का ते. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला डबा स्वतः फारसा फेकत नाही. त्याला जोडलेल्या तारा अँटेना होतात. वायरिंग घरभर पसरलेलं, म्हणून उगमही घरभर. दिशा शोधण्याची युक्ती दूरच्या स्टेशनाला छान चालते, घरातल्या गोंगाटाला नाही. त्यासाठी एकेक प्लग उपटत जाणं हाच मार्ग, आणि उपटताना बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूही मोजायच्या.

सध्याचा उपाय: डबा आणि राउटर तीन मीटर लांब, भिंतीपलीकडे. गुरगुर ऐंशी टक्के गेली (टक्के कानाचे, मीटरचे नाहीत). शिट्टी अजून पुसट आहे. गोंगाट अडवायला वायरवर क्लिप लावायचा फेराइट घेतला होता, वायरवर एकदा चिमटला, काही फरक नाही. हे बाजारात मिळणारे बहुतेक चिमटे कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी असतात. मिडियम वेव्हला ७५ मिश्रणाची (खालच्या फ्रिक्वेन्सीसाठीच्या फेराइटची) रिंग हवी, आणि वायर तिच्यातून अनेकदा ओवायला हवी. अडथळा ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, पाच वेढे म्हणजे पंचवीसपट. रिंग मागवली आहे.

इथपर्यंत लिहिल्यावर पुढचा बेत असा होता: खिडकीबाहेर आठ मीटरची तार सोडलीय तिला चांगला इन्सुलेटर लावायचा. पण लिहितानाच वाटतंय, ती तार का ठेवली आहे मी? ती जोडली की जवळचं दांडगं स्टेशन चिपचं डोकं फिरवतं आणि नको तिथे उमटतं. घरातला गोंगाट तीही उचलते. ढग गडगडले की धावत जाऊन क्लिप काढावी लागते, आणि वीज जवळ पडायलाच हवी असं नाही, तारेवर साचलेला स्थिर भारही एवढ्याशा चिपचा जीव घ्यायला पुरतो. वादळाच्या वेळी खिडकीत उभं राहून तारेला हात लावणं हा शहाणपणा नव्हेच. तर ठरलं, तार उतरवतो. तिच्याऐवजी ट्यून्ड लूप, म्हणजे हव्या फ्रिक्वेन्सीला जुळवता येणारी तारेच्या वेढ्यांची चौकट: ३० सेंटिमीटर बाजूची चौकट, जुन्या ट्रान्झिस्टरमधला ३६५ पिकोफॅरडचा गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर), वेढ्यांचा इंडक्टन्स साधारण २४० मायक्रोहेन्री म्हणजे खालचं टोक ५३८ किलोहर्ट्झला येतं. अंदाजे १८ ते २० वेढे. वीस घालायचे आणि एकेक काढत जायचं. रेडिओला कुठलीही तार जोडायची नाही, लूपच्या शेजारी रेडिओ नुसता ठेवायचा, चुंबकीय जोड आपोआप होते. शिवाय लूप फिरवून एका दिशेचं नको असलेलं स्टेशन दाबता येतं, जे तारेने कधीच जमलं नसतं.

इअरफोनबद्दल एक. पुसट स्टेशनासाठी आवाज वाढवलेला असतो आणि बटण जरा पुढे गेलं की शेजारचं जबरदस्त स्टेशन कानात फुटतं. काल दोनदा झालं. आता शोधताना छोटा स्पीकर, स्टेशन सापडलं की इअरफोन. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. शोधाशोधीच्या कडकडाटाला त्या हिशोबात जागाच नाही. आणि या चिपांचा सॉफ्ट म्यूट (पुसट सिग्नलचा आवाज आपोआप कमी करणारी सोय) मला मुळीच आवडत नाही. जे ऐकायला बसलोय तेच गिळतो, मग आपण आवाज आणखी वाढवतो. बंद करायची सोय मेन्यूमध्ये असेल तर आधी तो बंद करा.

एक अडचण मात्र उभी राहिलीय. राउटर भिंतीपलीकडे गेल्यापासून मुलीच्या खोलीत नेट मंद आहे. तिने रविवारपर्यंतची मुदत दिली आहे, त्यानंतर डबा जुन्या जागी. तेव्हा रिंग वेळेत आली तर ठीक, नाहीतर लूपची चौकट शनिवारी रात्री जागून पुरी करावी लागणार. कुणाकडे जास्तीचा गँग असेल तर सांगा, माझ्याकडच्याच्या पात्या मधेच एकमेकींना घासतात.