नववीतली मुलगी, एक आठवडा आणि पायांचे साचे

दिवाळीच्या सुमारास श्टुटगार्टच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एकच मेसेज वेगवेगळ्या आयांकडून येतो: "नववीतल्या मुलासाठी कुणाच्या कंपनीत प्राक्टिकुम मिळेल का?" फराळाच्या ऑर्डरी आणि भारतातून कोण येतंय याच्या चौकश्या चालू असतात, त्यात हा मेसेज. यंदा तो पाठवायची पाळी माझी होती.

प्राक्टिकुम म्हणजे शाळेतल्या मुलांनी एखाद्या व्यवसायात जाऊन तिथलं काम जवळून बघायचं आणि झेपेल तेवढं करायचं. जर्मनीत आठवी ते दहावीच्या दरम्यान बहुतेक सगळ्या मुलांना हे करावंच लागतं. राज्याप्रमाणे आणि शाळेप्रमाणे कुठे एक आठवडा, कुठे दोन-तीन. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये लेकीच्या गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, एकच आठवडा आहे. शाळा जागा शोधून देत नाही. मुलानेच फोन करायचा, अर्ज लिहायचा, एका पानाचा बायोडेटा जोडायचा, नकार आला तर पुढचा फोन लावायचा. चौदा वर्षांच्या पोरीला अनोळखी माणसाशी फोनवर "मला तुमच्याकडे यायचंय" असं बोलताना ऐकलं तेव्हा वाटलं, अर्धं शिक्षण इथेच झालं.

आमच्यासारख्या आईबापांच्या डोळ्यांसमोर अर्थातच मोठी नावं होती. हे बॉशचं गाव. 1886 साली रोबर्ट बॉशने इथेच छोटं वर्कशॉप काढलं आणि 1913 मध्ये कंपनीत शिकाऊ मुलांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. मी नाशिकची, म्हणजे मायको सर्कलवरून कॉलेजला जाणारी. मायको हे बॉशच्याच भारतातल्या कंपनीचं जुनं नाव. त्यामुळे लेकीने बॉशमध्ये आठवडाभर जावं हे माझं साधंसरळ स्वप्न होतं. पण मोठ्या कंपन्यांच्या जागा फार लवकर भरतात. शिवाय लेकीला तिथे जायचंच नव्हतं. तिने स्वतः शोधून काढलं ते ऑर्थोपेडिक बूट बनवणाऱ्याचं वर्कशॉप.

घरी सांगितल्यावर आत्यांचा फोन आला. "एवढं जर्मनीला जाऊन पोरगी चपला शिवायला पाठवलीस?" हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य काही हसण्यासारखं नव्हतं. कुठलं काम कुणाच्या पोराने करायचं हे आपल्याकडे जन्मानेच ठरलेलं असायचं, आणि आत्यांच्या त्या एका वाक्यात ते सगळं होतं. इथेही काही सगळे समान नाहीत. या राज्यात चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि कोण गिम्नाझियमला जाणार हे घरच्या परिस्थितीवर बरंच ठरतं. तरी डॉक्टरची मुलगी आणि ट्रकचालकाचा मुलगा, दोघांनाही नववीत कुणाच्या तरी वर्कशॉपात झाडू मारावा लागतो. मला हे फार आवडलं.

तर त्या वर्कशॉपविषयी. मालक माइस्टर आहे, म्हणजे साडेतीन वर्षांचं शिक्षण, मग अनुभव, मग वरची परीक्षा दिलेला माणूस. हाताखाली सहा-सात जण. पहिल्या सकाळी लेकीला कामाला लावलं नाही. आधी सुरक्षिततेची माहिती: कुठल्या यंत्राला हात लावायचा नाही, केस बांधायचे, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर. मग एका कागदावर सही, की गिऱ्हाइकांच्या आजारपणाविषयी बाहेर बोलणार नाही. कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला सात तासांपेक्षा जास्त थांबवता येत नाही आणि मधली सुट्टी द्यावीच लागते. अपघाताचा विमा शाळेच्या मुलांसाठी असलेल्या सरकारी योजनेतून असतो. पगार नाही.

माइस्टरने सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली ती म्हणजे तिला स्वतःकडे ठेवलं नाही. दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलाच्या हवाली केलं. तो एकोणीस वर्षांचा, त्यामुळे हिला प्रश्न विचारायला संकोच नाही, आणि त्याला कुणाला तरी शिकवायची सवय लागते. पहिल्या दिवशी पायांच्या लाकडी साच्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावणं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फोमच्या खोक्यात पाय दाबून ठसा देत होतं तेव्हा शेजारी उभं राहून माप लिहून घेणं. मग बुटाच्या आतली गादी कशी बनते ते: कॉर्क, फोम, चामडं. घासायच्या यंत्रावर हिला परवानगी नव्हती, म्हणून स्वतःच्या बुटासाठीची गादी तिने पॉलिशपेपरने हाताने घासली. तिरकी झाली. तशीच घरी आणली.

तिथे तिला आणखी एक कळलं: मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची संवेदना कमी झाली की बूट टोचतोय हे त्याला कळतच नाही, जखम होते आणि ती चिघळते, म्हणून दाब कुठे पडतो हे मोजून गादी बनवायची. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. रात्री लेकीने त्यांना व्हिडिओ कॉलवर पाय दाखवायला लावले आणि तळवे रोज आरशात बघायची ताकीद दिली. जीवशास्त्राच्या पुस्तकातून हे झालं नसतं.

शुक्रवारी माइस्टर तिच्याशी कॉफी, म्हणजे तिच्यासाठी कोको, घेऊन बसला. तू गिऱ्हाइकांशी छान बोलतेस, पण अडलं की विचारत नाहीस, तेवढं बदल, असं स्पष्ट सांगितलं. तिला काय आवडलं नाही तेही विचारलं. गोंदाचा वास, ती म्हणाली. दिवसभर तो वास नको वाटतो. माइस्टरला त्याचं वाईट वाटलं नाही; आत्ताच कळलं ते बरं, साडेतीन वर्षांच्या शिक्षणात सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा, एवढंच तो म्हणाला.

यात त्याचा फायदा काय? इथे शिकाऊंच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. शिकाऊ म्हणून काम करत शिकायचे सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय आहेत आणि पंधरा वर्षांच्या मुलांना त्यातले दहाही धड माहीत नसतात. बेकरीवाला, छप्पर घालणारा, श्रवणयंत्र बसवणारा, सगळे मुलांसाठी दार उघडतात ते उद्या त्यांच्यातलंच कुणी परत येईल या हिशोबाने. 2001 पासून एप्रिलमध्ये एक दिवस मुलींसाठी असतो, त्या दिवशी पाचवीपासूनच्या मुली कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत जातात. 2011 पासून मुलांसाठीही तसाच दिवस आहे. मुलगे पाळणाघरात, नर्सिंगमध्ये जाऊन बघतात.

सगळीकडे माइस्टर मिळत नाही हेही सांगते. लेकीच्या एका मैत्रिणीने आठवडाभर फाइली लावल्या आणि भिंतीकडे बघितलं. ओळखीवर जागा मिळवणारेही भरपूर. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे दुसरं काय?

माझ्या इंजिनिअरिंगच्या काळातली "इंडस्ट्रियल व्हिजिट" आठवते: जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडून चाललेली रांग, काहीही ऐकू न येणारा आवाज, शेवटी समोसा आणि सर्टिफिकेट. आपल्याकडे कल्पनांची कमतरता नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकायची पद्धत पुढे शाळांपर्यंत नेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जावं असं लिहिलेलं आहे. अडतं ते दुकानाच्या दाराशी.

माझ्या भावाचं नाशिकला अंबडमध्ये छोटं मशीन शॉप आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न, "ताई, उद्या लेबर इन्स्पेक्टर दारात उभा राहिला तर?" प्रश्न चुकीचा नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामापासून लांब ठेवावं लागतं. त्यामुळे नववी-दहावीची चौदा पूर्ण झालेलीच मुलं, शाळेचं पत्र, पालकांची सही, विमा, आणि लेथ यंत्राजवळ कुणी जायचं नाही, असं आम्ही फोनवर ठरवलं. मग तो स्वतःच काम सुचवायला लागला: व्हर्नियरने माप घेणं, तपासणीच्या तक्त्यात आकडे भरणं, ड्रॉइंग वाचणं, माल पाठवताना ई-वे बिल कसं बनतं ते बघणं. कुणाच्या हवाली करायचं हेही ठरलं, आयटीआय करून आलेला सगळ्यात तरुण पोरगा. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याने पत्र दिलंय, दोन मुलं मागितलीत. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.