शांगशाकच्या डोंगरावरचं पाणी

मी भूजलाचं काम करतो, म्हणजे डोंगराळ गावात जायचं, झऱ्याखाली बादली धरायची, मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं आणि पाणी किती येतंय ते लिहून घ्यायचं. मणिपूरमध्ये उखरूलकडे शांगशाक म्हणून तांगखुल नागांचं गाव आहे, तिथे मार्चमध्ये गेलो होतो (झरे सगळ्यात बारीक झालेले असतात तेव्हाच मोजायचे असतात).

वाट दाखवायला गावातले एक आजोबा, आणि त्यांचं बोलणं हिंदीत सांगायला त्यांचा नातू. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर आजोबा एकदम थांबले, "मराठा? मराठा पलटण इथेच लढली!" आता बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून रिटायर झालेले किती लोक माझ्या ओळखीचे, पण शांगशाकचं नाव कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मार्च 1944, दुसरं महायुद्ध, जपानी सैन्य कोहिमाकडे निघालेलं, आणि या टेकडीवर त्यांना अडवायला ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्याची 50 वी पॅराशूट ब्रिगेड, सोबत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. जेमतेम दोन हजार माणसं. खंदक खणायला गेले तर दोन-तीन फुटांवर कातळ, काटेरी तार नाही, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्याच हातात पडलं. आणि माथ्यावर पाणी नाही. तो कातळ मी हातोडीने ठोकून बघितला, असल्या माथ्यावर पाणी थांबेलच कसं!

मग जंगलातनं खाली उतरलो. उतार भयंकर, वाळक्या पाल्यावरनं पाय सटकत होते, बांबू धरून धरून चाललो. झऱ्यावर दहा लिटरची बादली भरायला सात मिनिटं लागली. सवयीने हिशोब केला, दिवसाला दोन हजार लिटर, म्हणजे माणशी एक लिटर, त्यात खेचरं वेगळी, जखमी वेगळे. तेव्हाची धार एवढीच असेल असं नाही, पण थोडी जास्त धरली तरी गोळीबारात इथे उतरून परत वर पाणी नेणार कोण? तरी हे लोक 26 मार्चच्या रात्रीपर्यंत टिकले, मग हुकूम आल्यावर अंधारात जंगलातनं इंफाळकडे निघाले. सहाशेच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. पण त्या दिवसांत कोहिमा आणि इंफाळला तयारीला वेळ मिळाला.

वर आल्यावर गावातली पोरं मागे लागली, माथ्यावर बोअर मारा म्हणून. मी नाही म्हटलं, खालच्या झऱ्यावर टाकी बांधून पंपाने पाणी चढवा, तसंच रिपोर्टमध्ये लिहिलं. पोरांना काही पटलं नाही. आजोबा म्हणाले, मी हेच सांगत होतो, माझं कोण ऐकतंय.