धुऱ्यापलीकडची ताडपत्री

आमच्या तिवसा तालुक्यात देवासाठी लांब जावं लागत नाही. मोझरीचं तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज इथलंच, रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर इथलंच. तरी २०२४ च्या ऑक्टोबरात मला वाटलं होतं, देव आपलं गाव सोडून गेला की काय.

हे डेंग्यूनं अमरावतीला भरती. रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा यायचा आणि त्यावर आमचा दिवस ठरायचा. पोरगा पुण्याला, नोकरी नवीन, सुट्टी मिळेना. दवाखान्यात धाकटे दीर थांबायचे. मी दोन दिवस तिथं, एक दिवस गावात, कारण वावरात चार एकरांचं सोयाबीन सोंगून पडलं होतं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, थोडं तरी सांभाळून घेते. एक वेचणी हातची गेली, तर पुढची असते. सोयाबीन मात्र कोणासाठी थांबत नाही. उभं ठेवलं तर उन्हात शेंग तडकून दाणा मातीत जातो. सोंगून ठेवलं आणि भिजलं तर दाणा काळा पडतो, नाहीतर ढिगातच कोंब फुटतात. हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. पुढं नोव्हेंबरात ती अट १५ टक्क्यांवर आणली म्हणतात. दवाखान्याचं बिल नोव्हेंबरपर्यंत थांबणार होतं थोडंच! थ्रेशरवाल्याकडं आमचा नंबर आठवा होता.

त्या दिवशी दुपारी चारपासून पश्चिमेला आभाळ भरून यायला लागलं. वावरात सहा ढीग आणि ताडपत्री एक. सांगायला जावं तर जो तो आपापल्या वावरात धावत होता. अंधारून आलं तशी मंदिरासमोर गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. भोंग्याचा आवाज आमच्या वावरापर्यंत येतो. ती प्रार्थना मला लहानपणापासून तोंडपाठ, पण त्या दिवशी एक शब्द ओठावर येईना. ढिगाला टेकून बसले आणि म्हटलं, महाराज, आता मले काई होत नाही, तुमचं तुम्ही पाहा. यात भक्ती वगैरे काही नव्हती. उधारी मागायला दारात बसलेल्या माणसाला आपण कंटाळून म्हणतो ना, घरात असंन ते घेऊन जाय, तशातली गत.

थोड्या वेळानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बॅटरी हलताना दिसली. आमचे धुरकरी, बांधापलीकडचे शेजारी. तीन वर्षं आमचं बोलणं बंद. नांगरताना त्यांनी दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आमच्याकडं सरकून धुरा कोरला, असं आमचं म्हणणं. धुरा आधीपासून तिथंच आहे, असं त्यांचं. त्यांच्या नातवाच्या बारशालाही मी गेले नव्हते.

"वहिनी, ढीग किती हायेत?"

"सहा."

"अन् ताडपत्र्या?"

"एकच हाय."

पुढं काही बोलणं झालं नाही. त्यांनी दोन्ही पोरांना हाक मारली. सहा ढिगांच्या दोन गंज्या झाल्या, त्यांच्या घरच्या दोन ताडपत्र्या आल्या, कडांवर धोंडे ठेवले. त्यांचं सोयाबीन आदल्याच दिवशी मळून घरी गेलं होतं, म्हणून ताडपत्र्या रिकाम्या होत्या. कोणी याला योगायोग म्हणंल. मी म्हणत नाही. जाताना "दादा कसे हायेत?" विचारलं, तेही पाठमोरं. नऊला पाऊस लागला तो दोन तास.

सगळं वाचलं असं लिहिणार नाही. खालचा थर काळा पडलाच आणि व्यापाऱ्यानं भाव पाडलाच. पण बावीस क्विंटल घरी आलं, आणि हेही आले, सात किलो वजन घालवून.

तेव्हापासून मला सारखी दादर आठवते. नणंदेला टाटाला नेलं होतं, तेव्हा आम्ही गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरलो होतो. बाबा तर १९५६ मध्येच गेले, आमच्याच जिल्ह्यात, वलगावजवळ. हाती खराटा घेऊन फिरणारा हा माणूस, आणि त्याच्या नावावर एवढ्या वर्षांनी मुंबईत आम्हाला अंथरूण मिळालं. तिथं रात्री नणंद म्हणाली होती, "आपण देवाले बलावलं तवा तो आपल्या गावचाच निघाला वो वयनी." मी तेव्हा हसले होते.

आमची पाळी मार्चात आली. रात्री दीड वाजता धुरकऱ्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गावात चालू हालतीतली गाडी आमचीच, जुनी ओम्नी. दार वाजलं तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? पेट्रोल. परवाच पाचशेचं टाकलं होतं. हे तर अंथरुणातूनच म्हणाले, "आधी माहे दोन तास सोडा म्हणा." म्हणेस्तोवर सदऱ्याच्या गुंड्या लावून झाल्या होत्या. पोरगी झाली. पेढे आले, पेट्रोलचे पैसे आले नाहीत, आणि आमच्याकडं राहिलेल्या त्यांच्या एका ताडपत्रीला उंदरानं भोक पाडलं ते मीही अजून सांगितलेलं नाही.

धुरा आहे तिथंच आहे. मोजणीचे पैसे दोघांनीही भरले. मोजणीवाले आले की चहा कोणाच्या घरचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.