गार्डमधले कोणते दिवस धरले जातात? जी.आय. बिल आणि आमच्या राज्य संघटनेचा माझा अनुभव

"मुलगा नॅशनल गार्डमध्ये जायचं म्हणतोय. कॉलेजची फी सुटते म्हणे, खरं का गं?" न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवेकडच्या ओळखीच्या घरांतून असा फोन मला अधूनमधून येतो. फी सुटते, हे खरं आहे. पण कुठल्या कॉलेजची सुटते, किती सुटते आणि नोकरीतल्या कोणत्या दिवसांच्या जोरावर सुटते, हे भरतीच्या टेबलावर कुणी बसून समजावत नाही. मला ते समजलं आमच्या राज्याच्या नॅशनल गार्ड असोसिएशनमधल्या माणसांमुळे, आणि तेही स्वतःचा अर्ज परत आल्यावर. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी न्यू जर्सी आर्मी नॅशनल गार्डमध्ये मेडिक आहे. एरवी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. महिन्यातला एक वीकेंड ड्रिल, वर्षातून साधारण दोन आठवडे ट्रेनिंग, आणि बोलावणं आलं की लॅबमधला कोट उतरवून युनिफॉर्म चढवायचा. माझे बाबा म्हणाले होते, "म्हणजे आपल्या टेरिटोरियल आर्मीसारखंच की." बरंचसं तसंच आहे. मोठा फरक म्हणजे गार्डला धनी दोन, राज्याचा गव्हर्नर आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष. बोलावलं कुणी, पैसे कुणी दिले आणि कोणत्या कायद्याखाली, यावर त्या दिवसांची किंमत ठरते. गव्हर्नरने राज्याच्या खर्चाने बोलावलं तर ती स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटी. हुकूम गव्हर्नरचा पण पैसा केंद्राचा असेल तर टायटल ३२. थेट केंद्राच्या हाताखाली गेलात तर टायटल १०. अंगावरचा युनिफॉर्म तिन्ही वेळा एकच असतो.

२०२० च्या मार्चमध्ये आम्हाला होल्मडेलला पाठवलं. तिथे पीएनसी बँक आर्ट्स सेंटर आहे, एरवी उन्हाळ्यात गाण्याच्या मैफली होतात. त्याच्या पार्किंगमध्ये करोनाची तपासणी सुरू झाली होती. उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागायची. काच जेमतेम खाली करून माणसं नाक पुढे करायची आणि डोळे मिटून घ्यायची. सुरुवातीला आम्ही स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटीवर होतो. काही दिवसांनी नवी ऑर्डर आली, टायटल ३२, कलम ५०२(एफ). तोच गाऊन, तीच रांग, माझ्या कामात तसूभर फरक नाही. पण आधीचे दिवस जी.आय. बिलाच्या, म्हणजे जवानांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या कायद्याच्या दृष्टीने शून्य होते, आणि नंतरचे मोजले जाणार होते, कारण राष्ट्राध्यक्षांनी १३ मार्चला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती आणि आमची ऑर्डर तिच्यासाठी निघाली होती.

जी.आय. बिल म्हणजे सैन्यातल्या सेवेच्या बदल्यात मिळणारा शिक्षणाचा खर्च. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या सेवेसाठी जे बिल आहे, त्यात पात्र सेवेचे ९० दिवस भरले की ५० टक्के हक्क मिळतो. पुढे तो वाढत जातो आणि ३६ महिन्यांना पूर्ण होतो. फीशिवाय घरभाडं आणि पुस्तकांचे पैसेही त्यातून मिळतात. न्यू जर्सी आपल्या गार्डच्या जवानांना ट्यूशन माफ करते, पण राज्याच्या सरकारी कॉलेजांपुरती. मला नर्सिंगच्या ज्या कोर्सला जायचं होतं तो खाजगी कॉलेजात होता. त्यामुळे माझी सगळी भिस्त त्या ९० दिवसांवर होती.

ही नव्वदची रेघ किती निर्दयी असू शकते, हे त्या वर्षी देशभरच्या गार्डने पाहिलं. मे महिन्यात बातमी आली की केंद्राच्या ऑर्डर २४ जूनला संपणार. हजारो जवानांचे त्या दिवशी ८९ दिवस होत होते. एक दिवस कमी, की शिक्षणाचा हक्क गेला आणि पेन्शन तीन महिने लवकर मिळण्याची संधीही गेली. बोंबाबोंब झाली, राज्याराज्यांच्या संघटनांनी आपापल्या खासदारांना धरलं, गव्हर्नर बोलले, आणि महिना संपायच्या आत मुदत ऑगस्टपर्यंत वाढली. माझी तुकडी मात्र काम ओसरल्यामुळे आधीच घरी गेली होती. संघटना नावाची चीज नेमकं काय करते, हे मी पहिल्यांदा तेव्हा लक्ष देऊन पाहिलं.

पुढच्या जानेवारीत आम्ही वॉशिंग्टनला गेलो. कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनावर ६ जानेवारीला झालेल्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या बंदोबस्ताला सगळ्या पन्नास राज्यांतून मिळून २५ हजारांवर गार्ड जमले होते. कॅपिटॉलच्या आत संगमरवरी फरशीवर झोपलेल्या जवानांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मी तशाच एका दालनात भिंतीला पाठ लावून, हेल्मेट पोटाशी धरून झोपले आहे. आई रात्री फोनवर एवढंच म्हणाली, "काहीतरी अंथरून झोप गं, फरशी थंड असते." तिचं माहेर साताऱ्याकडचं. तिथे घरटी एक फौजी असतो, त्यामुळे यापलीकडे तिने काही विचारलं नाही.

तिथून परतल्यावर एडिसनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये लसीकरणाचं मोठं केंद्र सुरू झालं होतं, तिकडे ड्यूटी लागली. ती मला फार आवडली. एक आजी खुर्चीत बसल्या, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, आपलीच का तू?" मग सुई टोचेपर्यंत त्यांनी माझं गाव, माझ्या सासरचं गाव आणि जेवणाचं काय करतेस, हे सगळं विचारून घेतलं. दुखलं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कधी टोचलीस?"

एवढी सेवा झाल्यावर मी हिशेब केला. होल्मडेलचे टायटल ३२ चे दिवस आणि एडिसनचे दिवस मिळून नव्वद पार होत होते. २२-१९९० क्रमांकाचा फॉर्म भरला, ऑर्डरच्या प्रती जोडल्या. काही आठवड्यांनी उत्तर आलं की पात्र दिवस पुरेसे नाहीत. पहिल्या खेपेचे दिवस नोंदींत कुठेच नव्हते. अशा तुटक सेवेला डीडी-२१४, म्हणजे सेवेचा अधिकृत दाखला मिळत नाही, ते साधारणपणे सलग ९० दिवसांच्या ड्यूटीनंतर मिळतं. त्यामुळे दाखवायला एकच ठसठशीत कागद नव्हता. एक जण दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. तेवढ्यात कोर्सच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती.

ड्रिलच्या वीकेंडला एका सहकाऱ्याने सुचवलं, असोसिएशनमध्ये एक निवृत्त सार्जंट मेजर आहेत, त्यांना भेट. भेटले. त्यांनी माझं गाऱ्हाणं अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, "फोल्डर उघड." मग टेबलावर कागद मांडायला लावले. ऑर्डर एका ओळीत, त्या ऑर्डरमध्ये नंतर झालेले बदल तिच्याखाली, त्याखाली त्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आणि शेजारी माझ्या गुणांचं पत्रक, म्हणजे फॉर्म २३ए, ज्यावर पेन्शनसाठी दरवर्षीच्या सेवेचे गुण चढतात. प्रत्येक ऑर्डरवर त्यांनी पेन्सिलने दोन जागा गोल केल्या, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कारणासाठी. पगाराच्या स्लिपांवरून केंद्राचा पैसा आल्याचं दिसत होतं, आणि पत्रकात तोच काळ कोरा होता. दहा मिनिटांत चूक कुठे आहे ते कागदावर दिसायला लागलं. त्यांनी सांगितलं ते असं: गुणांचं पत्रक आधी दुरुस्त करून घे, त्याशिवाय पुन्हा अर्ज करू नकोस. आणि कुणालाही तोंडी काही सांगू नकोस, दरवेळी ईमेल कर आणि त्यात ऑर्डरचा नंबर लिही.

मी तसंच केलं. युनिटमधल्या पूर्णवेळ एनसीओने (बिनकमिशनी अधिकाऱ्याने) मनापासून मदत केली, पत्रक दुरुस्त झालं, नवा अर्ज गेला आणि ५० टक्क्यांचं पात्रतेचं पत्र आलं. प्रवेशाची तारीख जेमतेम गाठली. तुम्ही किंवा तुमचं मूल गार्डमध्ये असेल, तर दरवर्षी वाढदिवसाला जसं औक्षण करता तसं ते पत्रकही एकदा काढून वाचा, एवढं मी आग्रहाने सांगते. चार-पाच वर्षांनी जुनी ऑर्डर शोधणं फार जिकिरीचं होतं, कारण ज्याने ती काढली तो तोवर बदलून गेलेला असतो.

पण वॉशिंग्टनचे दिवस? ते कलमही ५०२(एफ)च होतं, पैसाही केंद्राचाच होता. सार्जंट मेजरांनी गोल केलेल्या दुसऱ्या जागी मात्र कारण वेगळं होतं. ती ऑर्डर राष्ट्रीय आणीबाणीसाठी निघालेली नव्हती. त्यामुळे पेन्शनच्या गुणांत ते दिवस चढले, जी.आय. बिलात चढले नाहीत. मी विचारलं, "हे दुरुस्त कुणी करायचं?" ते म्हणाले, "हे कारकुनाच्या हातात नाही. याला काँग्रेस लागते." काँग्रेस म्हणजे इथली संसद.

इथून मी संघटनेची सभासद झाले. युनिफॉर्ममध्ये किंवा ड्यूटीवर असताना आम्हाला कुणाकडे जाऊन अमुक विधेयक पास करा असं सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बंदुकीवाल्याने कायदा मागायला जाऊ नये. पण त्यामुळे आमचं म्हणणं मांडायचं कुणी, हा प्रश्न उरतो. तो गार्डला फार पूर्वी पडला. यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन १८७८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची नॅशनल गार्ड असोसिएशन काढली. जवानांची वेगळी राष्ट्रीय संघटना १९७०च्या दशकात आली. राज्यांच्या संघटना खाजगी, वर्गणीवर चालणाऱ्या. त्या आपल्या सभासदांकडून ठराव घेतात, वर पाठवतात, वार्षिक अधिवेशनात त्यांवर मतदान होतं आणि मान्य झालेले ठराव घेऊन माणसं खासदारांकडे जातात. मला या पद्धतीबद्दल खरोखर आदर वाटतो. एखाद्या शस्त्रागारातल्या टेबलावर लिहिलेला परिच्छेद दोन-तीन पायऱ्या चढून संसदेत पोचू शकतो.

आमच्या प्रश्नावर विधेयक आधीच होतं, गार्ड अँड रिझर्व्ह जी.आय. बिल पॅरिटी अॅक्ट. युनिफॉर्म घालून पगारावर काढलेला प्रत्येक दिवस मोजावा, असं त्यात होतं. १२ जानेवारी २०२२ रोजी हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात ते २८७ विरुद्ध १३५ मतांनी पास झालं. लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर ते मतदान पाहताना माझे हात थरथरत होते. वरच्या सभागृहात, सेनेटमध्ये मात्र ते पुढे सरकलं नाही, आणि काँग्रेसची मुदत संपली तसं तेही संपलं. पुढच्या काँग्रेसमध्ये ते नव्याने मांडलं गेलं आणि संघटनेने मला विचारलं, बोलायला येशील का?

आदल्या संध्याकाळी आम्हाला नियम सांगितले. साधे कपडे. स्वतःच्या आणि संघटनेच्या नावाने बोलायचं, युनिटच्या किंवा गार्डच्या नावाने नाही. एका पानाचा कागद द्यायचा, जास्त नाही. पक्षाबद्दल अवाक्षर नाही. दिवसभर वॉशिंग्टनमधल्या रेबर्न, लाँगवर्थ आणि कॅनन या खासदारांच्या कार्यालयांच्या इमारतींमधून चालून चालून पाय भरून आले. खासदार क्वचितच भेटतात, भेटतात ते त्यांचे सहायक, बहुतेक पंचविशीतले, आणि हातात वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. काही नुसते मान हलवतात. पण एका कार्यालयातल्या मुलीने वही मिटली आणि म्हणाली, "मला नीट समजलं नाही, दाखवता का?" मी दोन ऑर्डर तिच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवल्या, एडिसनची आणि वॉशिंग्टनची. नाव तेच, हुद्दा तोच, कलम तेच. फक्त कारणाची ओळ वेगळी. ती बराच वेळ दोन्ही कागदांवरून बोट फिरवत राहिली आणि मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही याच इमारतींचं रक्षण करत होतात ते दिवस धरले नाहीत?" मी म्हटलं, "हो, तेच." तिने दोन्हींच्या प्रती मागून घेतल्या. नाव आणि नंबर झाकलेल्या प्रती सार्जंट मेजरांनी आधीच तयार ठेवल्या होत्या.

विरोध करणाऱ्यांशीही आम्ही बोललो. त्यांचे मुद्दे दोन, खर्च आणि ट्रेनिंगचे दिवस. ड्रिलचा वीकेंड आणि प्रत्यक्ष मोहीम एकाच तराजूत का घालायची, असं ते विचारतात. या दुसऱ्या मुद्द्यावर चर्चा होऊ शकते असं माझं स्वतःचं मत आहे, संघटनेतल्या काहींना ते पटत नाही. पण जिथे हुकूम देऊन पाठवलं, घर-नोकरी सोडून राहावं लागलं, ते दिवस कागदावरच्या कारणापायी गाळणं मला कोणत्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

माझा नर्सिंगचा कोर्स चालू आहे, अर्धी फी त्या ५० टक्क्यांतून जाते. वॉशिंग्टनचे दिवस अजून धरलेले नाहीत. यंदाच्या ठरावांच्या समितीत मी आहे. माझ्याकडे स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटीचा ठराव आला आहे. गव्हर्नरच्या हुकमावर गेलेल्या जवानाला परतल्यावर त्याची नोकरी मिळावी, हे संरक्षण केंद्राच्या कायद्यात २०२१ च्या जानेवारीत आलं, पण ते १४ दिवस किंवा जास्त काळाच्या ड्यूटीला किंवा जाहीर झालेल्या आपत्तीतल्या ड्यूटीला लागू होतं. पुराच्या वेळी पाच दिवसांसाठी गेलेल्या आणि परत आल्यावर कामाच्या पाळ्या कमी झालेल्या एका जवानाची कैफियत समोर आहे. पुढच्या ड्रिलच्या आधी तिच्यावरून मसुदा लिहून सार्जंट मेजरांकडे द्यायचा आहे, आणि त्या जवानाची ऑर्डर मी मागवून घेतली आहे.