एका रेघेची एडिशन

कल्पना एका वाक्यात मावत होती: तांब्याच्या प्लेटवर, पट्टी न लावता, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकच रेघ, तिचे पंचवीस छाप, सगळे सारखे, म्हणजे एक एडिशन. अमेरिकन कलाकार सॉल लेविटने १९६७ मध्ये लिहिलं होतं की कन्सेप्च्युअल, म्हणजे कल्पनेलाच महत्त्व देणाऱ्या कलेत सगळे निर्णय आधीच झालेले असतात, प्रत्यक्ष करणं हा केवळ उपचार. एचिंग प्रेसपाशी उभं राहिल्यावर मला ते अर्धंमुर्धंच पटलं.

रेघेचं काम चटकन झालं. प्लेटवरचा हार्ड ग्राउंडचा संरक्षक थर सुईने खरवडला, प्लेट तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये सोडली, हवी तेवढी खोली मिळाली. घाम काढला तो बाकीच्या कोऱ्या तांब्याने. शाई लावून प्लेट टार्लटनने, म्हणजे कडक जाळीदार कापडाने पुसायची. खाचेत शाई राहिली पाहिजे, वर कुठेही नको. भरगच्च चित्रात पुसण्यातलं कमीजास्त खपून जातं. इथे कोपऱ्यात जरा शाई राहिली की कागदावर मळभ यायचं. जास्त पुसलं की रेघ मधेच फिकी. प्रेसवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘रेघेचं सोडा हो, ती कुठे पळत नाही. कोरी जागा छापायचीय असं धरा.’’ मग हाताला वळण लागलं. शेवटी तळव्याला खडूची पूड चोळून, रेघेला आडवा, हलका हात फिरवायचा. प्लेटच्या कडा पुसताना तर श्वास रोखायचा, कारण रेघ थेट कडेला भिडते आणि चिंधी जरा आत सरकली की तिचं टोकच गायब. कडेपर्यंत जायची हौस माझीच!

पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, उचलला तेव्हा कागदावर एक नाही, पाच रेघा होत्या. प्लेटच्या चार कडांनी ओल्या कागदात दाबून उमटवलेली चौकटही रेघाच की! कागदापेक्षा मोठी प्लेट घेतली असती तर ती टळली असती. कल्पनेने हे ठरवलंच नव्हतं. मी चौकट ठेवली, बिनशाईच्या रेघा मला आवडल्या.

मनासारखा आला तो छाप ‘बॉन आ तिरे’ (फ्रेंचमध्ये ‘छापायला योग्य’) म्हणून भिंतीवर लावला आणि पुढचा प्रत्येक त्याच्याशी ताडून पाहिला. न जुळलेले फाडले. हे जिवावर येतं, पण एडिशन म्हटली की इलाज नाही.

टिपकागदांमध्ये वजनाखाली सुकल्यावर पेन्सिलने सही आणि नंबर. ७/२५ म्हणजे सातवा निघालेला छाप, असं अनेकांना वाटतं. गठ्ठा कधीच वरखाली झालेला असतो. आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकाराने स्वतःकडे ठेवायचे छाप, वेगळे, त्यांवर ए.पी. एक छाप रिवाजाप्रमाणे बाईंना दिला. मग आणखी छाप निघू नयेत म्हणून प्लेटवर सुईने फुली मारली आणि पुरावा म्हणून तिचाही एक छाप काढून फाइलला लावला.