निळ्या खडूच्या रेघा

रविवार, रात्री साडेदहा

आज राजारामपुरीत त्या समुपदेशक बाईंकडं चौघंही गेलो. मी, हे, लेक आणि मामंजी. मामंजी येतील असं वाटलं नव्हतं. 'कलापुरात राहून चित्र काढायला पैसे मोजायचे?' असं म्हणत आले, पण आले.

गेला महिनाभर घरात अबोला आहे. कारण तेच. शाहूपुरीतलं घर विकून उंचावर फ्लॅट घ्यावा असं मी म्हणते आणि हे त्यावर बोलतच नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. भांडताना मी हे आकडे तोंडपाठ म्हणते.

बाईंनी टेबलावर मोठा कागद पसरला. प्रत्येकानं एकच तेलखडू उचलायचा, शेवटपर्यंत तोच वापरायचा, बोलायचं अजिबात नाही आणि चौघांनी मिळून एकच चित्र काढायचं. हेलन लँडगार्टन नावाच्या अमेरिकन कला-उपचारतज्ज्ञ बाईंनी कुटुंबांसाठी ही पद्धत वापरली. चित्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो. सुरुवात कुणी केली, कुणाच्या रेघेवर कुणी रेघ ओढली, कोण कडेला राहिलं, हे पाहायचं. मामंजींना ते पटेना. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसल्यासारखं त्यांनी आधी नीट समास आखला.

मी तांबडा खडू घेतला आणि कागदाच्या मधोमध टेकडीवर घर काढलं. सुरुवात मीच केली, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. लेकीनं कोपऱ्यात हिरवं कुत्रं काढलं. आमच्याकडं कुत्रं नाही. मामंजी काळ्या खडूनं माझ्या घराला कुलूप लावत बसले. हे बराच वेळ निळा खडू नुसता हातात धरून होते. मग वाकले आणि माझ्या भिंतीवर, एकीवर एक, बारीक आडव्या रेघा मारत गेले. दाराच्या वरपर्यंत. माझं डोकंच फिरलं. टेकडीवरचं घरसुद्धा बुडवलं या माणसानं!

बोलायची परवानगी मिळाल्यावर मी तेच म्हणाले. बाईंनी अर्थबिर्थ काही सांगितला नाही. यांनाच विचारलं, "या रेघा मारताना काय आठवत होतं?"

"जिना," हे म्हणाले.

त्या पुरात मी लेकीला घेऊन माहेरी आजऱ्याला होते. मामंजी घर सोडायला तयार होईनात म्हणून हे त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यावर राहिले, एवढंच मला माहीत होतं. रात्री दर तासाला मोबाईलच्या उजेडात जिन्यात उतरून हे पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारत होते, हे आज कळलं. पाणी कितव्या पायरीला आलं की म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन गच्चीवर जायचं, तेही ठरवून ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"तू फोनवर आधीच रडत होतीस. नंतर राहून गेलं."

मामंजी चष्मा पुसत होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं. म्हणजे मी घर विकूया म्हणायची तेव्हा यांच्या डोळ्यांपुढं तो जिना असणार आणि मी समजायची की यांना भीतीच वाटत नाही.

कागद बाईंनी ठेवून घेतला, पुढच्या वेळी पुन्हा पाहायचाय म्हणून. यांनी फोटो काढून घेतला.

घराचं काहीच ठरलेलं नाही. येताना रिक्षात गप्पच होतो, पण घरी आल्यावर जिन्यात हे थांबले. पुरानंतर रंग दिला, त्यामुळं खुणा काही उरल्या नाहीत. तरी यांनी अकराव्या पायरीजवळ भिंतीवर बोट ठेवलं.

"इथपर्यंत."

खालून मामंजी ओरडले, "अकरावी न्हवं, बारावी!"